होय नावाचं बेट

थर्सोत जून लागलाय, म्हणजे कॅलेंडरात.
बाहेर नऊ अंश, आणि अंगात तोच
फेब्रुवारीतला स्वेटर, कोपराला विरलेला.

शेजारची इशबेल गन रेडिओवरचा अंदाज ऐकत नाही.
कुंपणाशी उभी राहून पाण्यापलीकडे बघते.
"बेट दिसतंय तोवर घाल वाळत.
पुसलं गेलं की दहा मिनिटं आहेत हातात."

बेटाचं नाव होय.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते एकटीच,
सांगणार कुणाला?

आज चार वेळा होय म्हणालं, चार वेळा फिरलं.
चार वेळा चादरी आत, चिमटे तोंडात.
सर येते ती आडवी, खारट, मेंढ्यांच्या वासाची,
आणि जाते
उसनं परत करायचं राहिल्यासारखी, घाईघाईत.

रात्री साडेदहाला उघडीप.
उजेड तसाच, कुणी मालवायला विसरल्यासारखा.
इशबेल तिच्या दोरीशी, मी माझ्या.
गारठल्या बोटांनी चादर चाचपते: कडा अजून दमट.

"वाळली का गं?"
आईच्या भाषेतच निघून गेलं तोंडातून, होय.

तिनं मान वर करून समुद्राकडे पाहिलं.
होतं तिथंच.