पुरेसं कारण

डिलेश्वरीचा फोन दुपारी येतो,
तिकडे रातपाळी तेव्हा नुकती उतरलेली असते.
इकडे सेतू केंद्रात लाईट नाही,
इन्व्हर्टरवर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
आणि समोर सायत्रा वलथरे,
जिवंत असल्याचा दाखला मागायला आलेली.

तिचा अंगठा मशीन घेत नाही.
चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिनं,
तेंदूच्या पानांनी एकेक रेघ उतरवून नेली.
दुसरं बोट लाव, मावशी.
"लावूनच तं रायली, बाबू."

टोमू, फॉर्म भरून ठेवला आहे, बहीण म्हणते,
फक्त बटन दाबायचं.

कायले पण? व्हिसा तं भेटतेच ना तुले.

भेटते. दरवेळी भेटते.
सहा महिन्यांचं पासबुक, हॉस्पिटलचं पत्र, परतीचं तिकीट,
एक सुट्टी डब्लिनला जाऊन दहा बोटं,
आणि मग पाच दिवसांचा शिक्का.
वॉर्डातल्या पोरी गुरुवारी ठरवतात,
शनिवारी लिस्बनला पाय ओले करतात.
मी सोमवारी फोटो पाहतो म्हणतो, छान.

पण तेवढ्यासाठी नाही रे.
मागच्या वेळी निहार काचेच्या पलीकडे गेला एका मिनिटात,
सहा वर्षांचं पोर, हातात त्याचं जांभळ्या रंगाचं पुस्तक.
मला विचारत राहिले, मी सांगत राहिले.
बाहेर आले तर म्हणतो,
आई, तू काय केलं होतंस?

मी काहीच बोललो नाही.
रात्री नियम वाचून काढले होते सगळे.
दोन देश एकावेळी ठेवता येत नाहीत.
कार्ड मिळेल, जन्मभर ये-जा करता येईल,
तलावाखालचा दीड एकर धान
वाटणीत आला तर राहील तिच्या नावावर,
विकत मात्र एक बांधी घेता येणार नाही.
आणि मतदार यादीतून अनुक्रमांक चारशे बारा जाईल,
फोटोत अजून दोन वेण्या आहेत तिला.
हा तलाव आपल्या कोहळ्यांनीच बांधला म्हणतात,
कागद कोणाकडेच नाही.

मी तिकडची झाले, ती म्हणते,
तर तुझ्या व्हिसाचं सोपं होईल कदाचित.
होत नाही. दोघांनाही ठाऊक आहे.

मागच्या वर्षी मी पंधरा दिवसांसाठी अर्ज केला होता.
भाच्याला पाहायचं होतं, आणि समुद्र.
सातबारा जोडला, केंद्राचा परवाना जोडला,
उत्तर आलं: अर्जदार मायदेशी परत जाईल
याची पुरेशी कारणं दिसून येत नाहीत.
मी! नागपूरला दुसऱ्या रात्री
ज्याला पाण्याची चव लागत नाही.
ते पत्र मी लॅमिनेट करून ठेवलंय,
गिऱ्हाईक नसलं की वाचतो.

जुन्या पासपोर्टचा म्हणे कोपरा कापून परत देतात, ती सांगते.
बाबांना तू सांगशील?

बाबांना काय सांगायचं.
साकोलीकडून घरजावई म्हणून आले इथं,
छत्तीस वर्षं झाली,
पोळ्याच्या तोरणाखाली अजून कोणीतरी म्हणतंच,
पाहुण्यांचे बैल पुढं घ्या.

सायत्रा सगळं ऐकत असते.
"पोरगी नाव काढून रायली काय?
मायघरी माझं नाव सोनकी होतं.
कोनं पुसलं नाई."
असं म्हणून करंगळी ठेवते मशीनवर,
आणि हिरवा दिवा लागतो.

तिकडं निहार बूट शोधतोय, आवाज येतो.
शाळेची वेळ. करते मग फोन.
दाबलंस का? मी विचारतो.
तोवर कट झालेला असतो.

प्रिंटर घरघरतो, कागद गरम येतो बाहेर.
सायत्रा तो उलटा धरते, मग सुलटा.
"किती दिवस चालते हे?"
वर्षभर, मावशी.
पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागते.