रीडिंग

शेंद्र्याची इंटरनॅशनल शाळा. आज पाण्याचा जडपणा.
पोरांनी घरून बाटल्या आणल्यात:
फिल्टरचं, टँकरचं, सोसायटीच्या टाकीतलं,
आणि अलिफियाने बसच्या ड्रायव्हरकाकांकडून,
करमाडच्या बोअरचं,
झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावून.

यून-सोचं तिसऱ्या मिलीलिटरलाच निळं झालं.
तो आता खिडकीशी, मोकळा.
अलिफियाच्या चंबूत डाळिंबी रंग
हलवला तरी हटत नाही.
ब्युरेट संपत आली.
"सर, माझं काहीतरी चुकतंय."

मी बदनापूरला शिकलो.
प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली
हेडमास्तरांच्या करदोट्याला.
थोरल्या भावाच्या जर्नलातून उतरवायचो मी
साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.
ब्युरेट काढायचो टोकदार पेन्सिलीने,
तोटीसकट, इतकी सुबक
की बाई दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायच्या.
खरी हातात आली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो,
आणि तोवर माझं एकही रीडिंग
कधी चुकलं नव्हतं.

"गफूरमामा, हिला परत भरून द्या."

पन्नास. चोपन्न.
अठ्ठावन्नाच्या जरा पुढे, एका थेंबात,
सगळं निळं.
ती ओरडली नाही.
चंबू उजेडात धरून म्हणाली,
"काकांकडच्या पातेल्यांना आतून पांढरं असतं,
ते हेच का?"

मग आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला,
तोही खोडून त्याच्यापुढे दशांश.
अनुमानाची ओळ घंटा झाली तरी कोरी.

सही केली मी.
खाडाखोडीचे गुण
मी कापत नाही.