इंचाला एकशे पन्नास

पहिल्या स्प्रिंगा गार्थने आणल्या
त्या इंचाला अडीचशे पौंडांच्या.
शर्यती खेळणाऱ्या कुणी त्याला सांगितलेलं :
ताठ घे, ताठ म्हणजे मजबूत.
ओलेरेनशॉ मंडळींना हे पटायला वेळ लागत नाही.
मोडेन पण वाकणार नाही, सगळी हाडं त्याच मापाची.

आणि गाडी ती केवढी?
दोन हिवाळे गॅरेजात बसून हाताने जोडलेली,
चौकोनी नळ्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा,
दार नाही, छप्पर नाही,
वजन कोपऱ्यावरच्या हिल्डाच्या घोडीइतकं.
फक्त मागचा आस जुन्या एस्कॉर्टचा, थोराड,
बारीक पोराच्या पायात बापाचे बूट घालावेत तसा.

क्रॉमफर्डच्या उतारावर तिनं आम्हाला
लाह्यांसारखं उडवलं.
वळणावर मागची चाकं रस्त्याचा हात सोडून
दगडी कुंपणाकडे निघाली, मेंढ्यांनी माना वर केल्या.
थर्मासमधला चहा माझ्या मांडीवर.
"रस्ता खराब आहे," गार्थ म्हणाला.
रस्ता तोच होता.
एकोणीस वर्षं त्याच रस्त्याने सायकलवरून
मी गणित शिकवायला जात होते.

मग एका रविवारी मोजमाप.
गल्लीभर हिंडून न्हाणीघरांतले वजनकाटे गोळा झाले,
मिसेस टॅटर्सॉलचा गुलाबी, झालर लावलेला, तोसुद्धा.
मागच्या चाकाखाली दोन दोन काटे, वर फळी,
पुढची चाकं विटांवर, पातळीत.
टाकी काठोकाठ. चालकाच्या जागी तो स्वतः,
खिशात किल्ल्यांच्या जुडग्यासकट, उगाच खोट नको म्हणून.
शेजारच्या सीटवर कोंबडीखाद्याची पोती :
एकशे सव्वीस पौंड.

ती मी होते.
लग्नाच्या वर्षीची मी,
पट्ट्याने नीट बांधून बसवलेली.

स्वयंपाकघराच्या दारातून थोडा वेळ पाहिलं.
मग ॲप्रन काढला, पोती उतरवली, बसले.
आकडे वाचायला शेजारचा टोबायस ओणवा झाला होता.
त्याला बजावलं, मोठ्याने वाचायचं नाही.
त्याने कागदावर लिहिलं, घडी घातली,
आणि निवडणुकीतलं मत द्यावं तशी गार्थच्या हातात दिली.
गार्थने वाचलं. टोपी काढली. पुन्हा घातली.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्याचं गणित चाललं.
आसाचं नि चाकांचं वजन वजा,
ते रस्त्यावर उभं असतं, स्प्रिंगवर नाही.
स्प्रिंग तिरपी, म्हणून कोनाच्या कोसाईनचा वर्ग.
चालीचा तिसरा हिस्सा नुसतं बसण्यातच खर्च व्हावा,
म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागा राहते.
पेन्सिल बराच वेळ एका जागी थांबली.
सकाळी त्याने रेडिचला फोन केला.
"एकटे बसणार की दोघं?" तिकडून विचारलं असावं.
"दोघं," तो म्हणाला. मग घसा खाकरून, "एकशे पन्नास."

आता त्याच उतारावर पोटातलं पाणी हलत नाही.
चाक दगडावर चढतं, उतरतं, गाडीला खबर नसते.
चहा कपात राहतो.
मागचं टोक रस्त्याला धरून येतं,
समजूत पटलेल्या माणसासारखं.

फक्त कालव्याचा तो कुबडा पूल आहे.
तिथे दोघं बसलेलो असलो की
पलीकडे उतरताना मागून एक आवाज येतो. ठक.
चाल संपून रबर रबराला लागतं.
एकटा गेला तर येत नाही, टोबायस सांगतो.

उलटं गणित मला येतं.
एकशे पन्नास हे पोत्यांचं उत्तर आहे.
माझं उत्तर एकशे सत्तरच्या आसपास यायला हवं होतं,
आणि त्याची बेरीज कधी चुकत नाही.

पूल आला की तो गिअर बदलायला खाली बघतो,
मी नदीकडे.
ठक.
"हवा छान पडलीय," तो म्हणतो.
हो, मी म्हणते, छान पडलीय.