शिक्का

बहोडापूरच्या फाटकाशी, एक आड एक गुरुवारी,
शिपाई प्रत्येकाच्या मनगटावर जांभळा शिक्का उमटवतो,
आत गेलेल्यांतलं बाहेर कोणी यायचं
ते ओळखू यावं म्हणून.
कैवू आपला नंबर यायच्या आधीच हात पुढे करतो.
जुई फ्रॉकच्या खिशात मूठ घालून उभी.

जाळीपलीकडे माझी बहीण.
वैजू आधी रडत नाही, आधी मोजते.
मागच्या खेपेला कैवूचे डोळे जाळीच्या सातव्या ओळीशी होते,
आज आठवीशी.
"टाचा टेकव रे लबाडा."
तो टेकवतो. साडेसात.
वीस मिनिटं, त्यातली पाच गोंगाटात जातात,
शेजारी कोणीतरी आपल्या माणसाला
वकिलाचा हिशेब ओरडून सांगत असतं.
कैवूने पडलेला दात कागदात बांधून आणला होता.
जाळीच्या भोकातून सहज गेला असता.
बाई म्हणाली, कुछ देना मना है।
तो म्हणाला, दात म्हणजे 'कुछ' नाही.

आंघोळीला बसला की
तो उजवा हात छताकडे धरतो,
उत्तर येणाऱ्या मुलाने वर्गात धरावा तसा,
आणि मी एका हाताच्या मुलाला साबण लावते.
चार दिवस अक्षरं दिसतात,
पाचव्या दिवशी नुसती जांभळट सावली.
सहाव्या दिवशी सकाळी
माझ्या शिलाई मशीनशी येऊन सांगतो,
"मावशी, आई गेली."

जुई घरी पोचल्या पोचल्या मोरीत.
आधी लिंबाची फोड, मग भांड्यांची तार.
एकदा घाई झाली, थोडा राहिला.
शाळेत कोणी विचारलं, हे काय गं?
"मेळ्यातला. आकाशपाळण्यावर बसलं की मारतात."
"मेळा तर थंडीत असतो."
तेव्हा श्रावण चालू होता.

शाळेत तिची आई झाशीला नर्स आहे.
एवढं मी रचलेलं.
क्वार्टर, रात्रपाळी,
खिडकीत येणारी पेरूची फांदी,
हे तिने नंतर जोडलं.
परवा म्हणाली, यंदा पेरूंना कीड लागली म्हणे.
मी सुईत दोरा ओवत होते.
दोन वेळा चुकले.

श्रावणानंतर तिचं मनगट कोरंच दिसायचं.
मला वाटलं, घासण्यात तरबेज झाली.

काल नव्या गणवेशासाठी तिला उजेडात उभं केलं.
दौलतगंजातल्या अर्ध्या बायकांची मापं मला तोंडपाठ,
हिचं दर चार महिन्यांनी चुकतं.
बाही वर सरकवली
तर दंडावर, आतल्या बाजूला,
तीन शिक्के, एकाला एक खेटून.
एक ताजा.
दोन निळ्या बॉलपेनने पुन्हा पुन्हा गिरवलेले,
गोल थोडा वाकडा,
तारखेतला आठ उलटा.

म्हणजे शिपायाला ही सांगत असणार,
भैया, यहाँ नहीं, ऊपर.
आणि मी मागेच उभी असणार रांगेत,
आधारकार्ड शोधत, पिशवीत तोंड घालून.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.
टेप तेवढ्या जागी जरा सैल धरली.
वहीत लिहिलं:
छाती चोवीस, उंची अठ्ठावीस,
बाही
चार बोटं जास्त.