नाक गेलेल्या माणसाचा सल्ला

हर्षाली, पहिली बाटली घेतलीस म्हणे,
लव्हेंडर, दहा मिली, वाशीच्या मॉलमधून,
आणि थेट मनगटावर ओतलीस.
आता पुरळ उठल्यावर काकाला फोन.

बरं. आधी खोबरेल लाव आणि पुसून काढ.
नुसतं पाणी नको, तेल पाण्याला जुमानत नाही.
मग ऐक.

दोन चमचे तिळाच्या तेलात तीन थेंब. संपलं.
आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं.
लिंबाचं लावून उन्हात जायचं नाही.
तुझी ती मांजर घरात असताना
खोलीत वासाचा धूर करायचा नाही.
आणि कुणी कितीही नैसर्गिक म्हणालं तरी प्यायचं नाही.
धोतराही नैसर्गिकच असतो.

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी ड्रममधून ड्रममध्ये गुलाब ओतला.
घणसोलीत सायकल वळली की
पोरं ओरडायची, मोगरा आला, आज वाळा आला.
तुझी काकी माझा सदरा
घराबाहेरच्या दोरीवर वाळत घालायची,
म्हणायची, आत आणलात तर भातालाही वास लागेल.
मग एका तापात नाक गेलं.
आपल्यात नाक जाणं म्हणजे काय ते तू जाणतेस,
माझं मात्र खरोखरचं गेलं.

तेव्हापासून रविवारी ठाण्यात जातो,
जांभळी नाक्यामागे, कुत्बुद्दीनभाईंच्या दुकानात.
जुन्या वस्तूंना नाक लागत नाही.
बोटं लागतात, आणि उजेड.
सकाळीच जायचं. ट्यूबलाइटखाली सगळंच पुरातन दिसतं.
वस्तू आधी उलटी करायची.
खोटं बोलणारा माणूस तळाला रंग द्यायला विसरतो.
खिशात लोहचुंबक ठेव, पितळेला चिकटला तर
नमस्कार करून बाहेर पड.
झीज कुठे आहे ते बघ.
हात जिथे लागत असेल तिथेच हवी,
सगळीकडे सारखी असेल तर ती ॲसिडची करामत.
किती जुनं, असं विचारू नकोस,
दुकानदार दर वाक्याला पन्नास वर्षं वाढवतो.
कुठून आलं, ते विचार. मग तो अडखळतो.
आणि घरी आणून चिंचेने घासू नकोस,
काळेपणाचेच तर पैसे मोजलेस.

एक गंमत सांगतो.
खऱ्या तेलाचा थेंब कागदावर उडून जातो, डाग ठेवत नाही,
आणि खरी जुनी वस्तू डागांशिवाय येत नाही.
चंदन सोडून. चंदन डाग ठेवतं.
प्रत्येक नियमाला एक चंदन असतं.

परवा तिथे एक पेटी मिळाली.
सागवानी, आत झिजलेली लाल मखमल,
आठ खड्डे, सात बाटल्या, काचेची बुचं.
स्क्रूच्या खाचा मधोमध नाहीत,
म्हणजे कुणीतरी हाताने कापल्यात.
तीन रविवार नुसता बघून आलो,
चौथ्याला अठराशेवर सौदा तुटला.
कुत्बुद्दीनभाईंनी एक बूच काढलं, हुंगलं,
म्हणाले, काहीतरी गोडसर.
एवढंच.
एकतीस वर्षं मी ज्याची नावं पाठ केली
त्याला ते म्हणाले, गोडसर.

रात्री मीही सातही बुचं काढून बसलो.
काकी दारातून बघत होती, बोलली नाही.
काच थंड होती, एका बुचाचा कडा उडालेला.
बाकी काही आलं नाही.

तर तू ये. रविवारी, दुपारच्या आत.
येताना मनगट कोरं ठेव, काही लावू नकोस,
नाश्त्याला कांदा खाऊ नकोस.
दोन बाटल्यांच्या मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घे,
नाक त्याने ताळ्यावर येतं.
नाव सांगता आलं नाही तरी चालेल.
कशासारखं, एवढं सांग. मी ओळखेन.

आणि ती तुझी दहा मिलीची आण.
आठव्या खड्ड्यात बसते का,
बघू.