शिल्लक

पाळकांनी काल विचारलं,
"साल्मेबाई, प्रभू तुम्हाला पुन्हा कधी भेटला?"
पुन्हा?
मी रुमालाची गाठ सोडली, परत बांधली.
काय सांगणार होते?

सारेमा बेटावरच्या या चर्चचं गोदाम केलं,
बाकं सरपणाला गेली, घंटा ट्रकवर चढली,
वेदीच्या जागी वजनकाटा आला.
किल्ल्या माझ्याकडे, कारण
अख्ख्या गावात बेरीज मला नीट यायची.

एकतीस वर्षं खताची पोती मोजली.
आलेली, गेलेली, फाटलेली.
पूड घशात बसायची,
आणि तुझ्याशी मी बोलायचे ते खोकल्यासारखं,
मध्येच, तोंडावर हात धरून.
प्रार्थना कसली रे ती.
"उंदरांनी पुन्हा पोतं कुरतडलं बघ."
"एन्डेलचं पत्र नाही. माझा एकच भाऊ आहे, माहितीय ना?"
"थंडी फार आहे. तुला वाजते का?"

तू उत्तर दिलंस असं शपथेवर सांगता येणार नाही.
पश्चिमेच्या खिडकीची एक काच तेवढी
फोडायची राहून गेली होती.
दुपारी तिथून उजेड उतरायचा
आणि पोत्यांवर टेकायचा,
दमलेला हमाल टेकतो तसा.
मी सरकून जागा द्यायचे.

एन्डेल गेल्याची तार आली
तो हिवाळा मी नुसता मोजण्यात काढला.
तुझ्याशी एक शब्द नाही.
मार्चमध्ये हिशेब जुळेना, एक पोतं जास्त भरायचं.
चारदा मोजलं.
पाचव्यांदा खालीच बसले,
वहीत तोंड खुपसून म्हटलं,
"बरं. आहेस तर आहेस."

कुरेसारेहून तपासनीस यायचा.
"आणखी काय आहे आत?"
"नोंदीप्रमाणे काही नाही, कॉम्रेड."
खोटं नव्हतं ते.
तुझं वजन कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता बाकं नवी आहेत, रंधा मारल्याचा वास येतो.
गीतांच्या चाली मला आठवत नाहीत,
ओठ हलवते नुसते.
उपासना सुटली की मागे राहते.
भिंतीतून अजून खताचं मीठ फुटतं,
तिथे बोट लावते, जिभेवर ठेवते.
पाळकांना वाटतं, म्हातारी घरी जायचं विसरली.

मोठ्या वर्गणीतून परवा नवी घंटा आली.
सगळे रडले.
मला आपला किल्ल्यांचा आवाज जवळचा.
तुलाही,
बहुतेक.