फुटाणा

डॉक्टर ढोबळे म्हणाल्या, एका सेकंदाच्या आत द्या.
ढुंगण टेकलं रे टेकलं की फुटाणा, आणि तोंडानं शाब्बास.
उशीर केलात तर तिला वाटेल
कान खाजवला म्हणून मिळाला.

गोटी सापडली तांडापेठेत, डीपीखाली,
कुणीतरी फेकलेल्या कूलरच्या पत्र्यात,
अंगभर वुडवूल चिकटलेलं.
दीड महिन्याची असेल.

मे महिना. आमची शाळा पहाटे साडेपाचला भरते,
आठनंतर अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही.
बिनमिठाचे फुटाणे, साल काढून, अर्धे केलेले,
माझ्या मुठीत घामानं मऊ होत जातात.

बाबा ओट्यावरून बघतात.
मिल बंद पडून जमाना झाला,
पण पहिल्या पाळीच्या भोंग्याला त्यांना अजून जाग येते.
"मारल्याबिगर शिकते का जनावर?"
"डॉक्टर म्हणतात, शिकते."
"डॉक्टर म्हन्ते!"
आणि तंबाखू मळत राहतात.

सहा दिवस काहीच नाही.
एक चप्पल गेली, विजेचं बिल गेलं,
राशनकार्डाचा कोपरा गेला.
चुकली तर रागवायचं नाही, नुसतं तोंड फिरवायचं.
मी तोंड फिरवते, पण हात आपोआप वर जातो.
कुणाकडून आलाय हा हात, मला माहीत आहे.
मी तो ओढणीला पुसते.

सातव्या दिवशी भिंतीवर कावळा आला.
गोटीनं मान वर केली
आणि मान वर गेली तसं मागचं खाली आलं.
एवढंच असतं बसणं!
मी फुटाणा दिला, इतक्या जोरात शाब्बास म्हणाले
की पलीकडून परातेकाकूंनी विचारलं, काय झालं वं?

परातेकाकू.
त्यांच्याच घरून आणलेल्या पेनानं मी मॅट्रिकचा पेपर लिहिला होता.
गणितात ब्याण्णव.
बाबांनी गुणपत्रिका उलटसुलट बघितली, घडी केली,
म्हणाले, पेन वापस केला का त्यांचा?

सव्वीस वर्षांनी, काकांच्या तेरवीला,
काकू सहज बोलून गेल्या:
त्या दिवशी तुझ्या बापानं उसने पैसे घेऊन
अख्ख्या खात्यात संत्रा बर्फी वाटली होती.
मी तेव्हा कांदे चिरत होते.
क्षणभर मला वाटलं,
कांद्यांसाठीच.

दुसऱ्या आठवड्यात फुटाण्यांची पुडी
माझ्या हिशेबापेक्षा लवकर संपायला लागली.
परवा दुपारी कूलरमध्ये पाणी टाकायला उठले,
तर आतल्या अंधाऱ्या खोलीतून:
"बस. बस गं माय. अशी...
वा! वा गं वा! लय हुशार पोट्टी!"

या घरात हा आवाज आहे,
मला कुणी सांगितलंच नव्हतं.
बादली कलली, पावलं भिजली,
मी तशीच उभी.

संध्याकाळी पंप बंद पडला.
मी जाळी काढली, गाळ काढला,
पंप नळाखाली धरला, वायर सोलून पुन्हा जोडली.
आधी गुरगुर, मग ताट्यांवरून पाणी उतरायला लागलं,
खोलीभर ओल्या गवताचा वास.

बाबा काही बोलले नाहीत.
सदऱ्याच्या खिशात चाचपलं
आणि मूठ पुढे केली.
गोटी धावली.
"तुले नाही," तिला म्हणाले.

अर्धा फुटाणा.
किती सेकंद झाले होते, मी मोजले नाहीत.
तोंडात टाकला.
तंबाखूचा वास होता त्याला.